तलवारीचं टोक दर वेळी तुटकंच का येतं? घरी सिलिकॉनचे साचे आणि रेझिनचे मावळे करताना येणाऱ्या खोडी

दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवायचे मावळे, तोफा, घोडेस्वार घरीच ओतायला घेतले की ठरावीक तक्रारी येतात. साचा दिसायला झकास, पण प्रत्येक मावळ्याच्या तलवारीचं टोक गायब. कोणाच्या मुठीत भोक, कोणाच्या पगडीवर मोहरीएवढी पुळी. आणि श्रावणात ओतलेला अख्खा घाणा पावासारखा फुगलेला. मग माणूस रेझिन, म्हणजे साच्यात ओतल्यावर घट्ट होणारा द्रव, बदलतो, त्यानंतर साच्याचं सिलिकॉन बदलतो, शेवटी हवा खेचून काढणाऱ्या व्हॅक्यूम पंपाच्या किमती बघायला लागतो.

पैसे घालवण्याआधी एक काम करा. एकाच साच्यातून निघालेले चार-पाच कास्ट, म्हणजे ओतून निघालेल्या प्रती, शेजारी शेजारी मांडा, वरून टेबल लॅम्प लावा आणि नुसतं बघा. दोष प्रत्येक कास्टवर त्याच जागी आहे की जागा बदलतोय? त्याच जागी असेल तर दोष साच्यात आहे, रेझिन कितीही महागाचं आणलंत तरी जाणार नाही. जागा बदलत असेल तर मिसळण्यात आणि ओतण्यात आहे. आणि आतबाहेर सगळीकडे सारखाच असेल तर ओलावा किंवा प्रमाण, दोन्हींपैकी एक. एवढ्या एका प्रश्नाने निम्मी शोधाशोध संपते. म्हणून बिघडलेले कास्ट लगेच फेकू नका, त्यांच्यावर साच्याचा नंबर आणि तारीख लिहून डब्यात ठेवा.

भोक आहे की पुळी?

दोन्हींना लोक सरसकट 'बबल' म्हणतात, पण दोघांचं मूळ वेगळं आहे.

पुळी म्हणजे कास्टवर वर आलेला गोल दाणा. साचा करताना सिलिकॉनमधला हवेचा बुडबुडा मूळ पुतळ्याला, म्हणजे मास्टरला, चिकटून राहिला. तिथे साच्यात खळगा पडला आणि रेझिन इमानदारीने तो खळगा भरतं. ती पुळी शेवटच्या कास्टपर्यंत त्याच जागी येणार. सपाट जागी असेल तर नव्या धारदार ब्लेडने कापून टाकणं सोपं. चेहऱ्यावर असेल तर साचा नव्याने करा, कारण दर मावळ्याचं नाक तासत बसणं हा काही छंद नव्हे.

भोक म्हणजे कास्टमधली पोकळी, रेझिन पोचलंच नाही अशी जागा. ते दर वेळी एकाच ठिकाणी पडत असेल तर तिथे हवा अडकायला साच्यानेच जागा दिलेली आहे. इकडेतिकडे विखुरलेली बारीक भोकं असतील तर ती हवा तुमच्या काडीने पेल्यात ढवळली गेलेली आहे.

तिसरा प्रकार फक्त दाबाखाली ओतणाऱ्यांना भेटतो. साध्या ओतकामात गुळगुळीत येणारा कास्ट प्रेशर पॉटमधून, म्हणजे हवेचा दाब भरलेल्या बंद भांड्यातून, काढला की अंगभर पुरळ. साचा करताना सिलिकॉनच्या पोटात, पृष्ठभागाच्या जरा मागे, बुडबुडे राहिलेले असतात. दाब आला की ते चेपतात, साच्याची भिंत तिथे आत दबते आणि रेझिन त्या खड्ड्यात घट्ट होतं. ज्या साच्यात दाबाखाली ओतायचं, तो साचाही दाबाखालीच सेट करायचा. नाहीतर सिलिकॉनमधली हवा आधी नीट काढून घ्यायची.

तलवार, मूठ, शेपटी

उदाहरणादाखल ५४ मिलिमीटरचा मावळा घ्या. उजवा हात वर, हातात तलवार. डावा हात कमरेपाशी, खाली सोडलेला. पाठीवर ढाल. घरी सहसा एकसंध ठोकळ्याचा साचा करतात: मास्टर तळावर चिकटवला, भोवती चौकट उभी केली, वरून सिलिकॉन ओतलं. सेट झाल्यावर ठोकळा उलटा केला की तळाच्या बाजूने रेझिन ओतायचं तोंड मिळतं.

लक्षात घ्यायचं ते एवढंच, की ओतताना मावळा उलटा असतो. पाय वर, डोकं खाली. आता साच्याकडे हवेच्या नजरेने बघा. हवेला वर जायचंय.

खाली सोडलेला डावा हात उलट्या साच्यात खांद्यापासून वर चढतो आणि मुठीशी संपतो. म्हणजे वर बंद असलेला बोळ. रेझिन खांद्यापर्यंत आलं की मुठीतल्या हवेला बाहेर पडायला वाट उरत नाही. ती मूठ कधीच भरणार नाही, तुम्ही साचा कितीही आपटा. म्यानाचं टोक, शेल्याचा खाली लोंबणारा पदर आणि घोड्याची शेपटी यांचंही तेच. घोड्याचे पाय मात्र त्रास देत नाहीत, कारण ते तळाला जोडलेले असतात: एका पायातून ओता, उरलेल्या तिघांतून हवा निघते. पोटाचा सपाट भाग तेवढा सांभाळा. उलट्या साच्यात तो छत होतो आणि छताला बुडबुडे चिकटून बसतात. ओतून झाल्यावर साचा दोन्ही बाजूंना कलता करून बोटाने टिचक्या मारल्या की ते पायांच्या वाटेने निघतात.

उगारलेल्या तलवारीची गोष्ट वेगळी. ती उलट्या साच्यात सगळ्यांत खाली असते, म्हणजे रेझिन तिथे आपसूक पोचायला हवं. पोचत नाही, कारण तो मार्ग अरुंद आहे. मिलिमीटरभर रुंद चिरेच्या तोंडाशी रेझिनचा पडदा धरतो आणि खालची हवा त्या पडद्याला फोडून वर येऊ शकत नाही. दाट आणि लवकर घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये हे हटकून होतं.

दोन दोषांवर दोन उपाय, आणि गल्लत इथेच होते. मुठीतल्या हवेला बाहेर पडायला वाट पाहिजे. मास्टरवर सिलिकॉन ओतण्याआधी मुठीच्या टोकापासून तळापर्यंत मिलिमीटरभर जाडीची तार किंवा झाडूचा प्लॅस्टिकचा केस लावून टाका. सेट झाल्यावर तो ओढून काढला की नळी तयार. साचा आधीच झालेला असेल तर बारीक पितळी नळीची कड घासून धार करा आणि ती फिरवत फिरवत तळाकडून मुठीपर्यंत घाला, सिलिकॉनची बारीक सुरळी निघून येते. नळी नसेल तर ब्लेडने मुठीपासून तळापर्यंत नुसती चीर द्या. साचा हलका वाकवला की चिरेतून हवा सुटते, सोडला की चीर मिटते. कास्टवर कागदासारखा पातळ पदर येईल, तो नखानेही निघतो.

तलवारीत हवेला अशी वाट देऊन फारसं साधत नाही. तिथे रेझिन मुद्दाम नेऊन सोडावं लागतं. आधी साच्यात साधी टाल्कम पावडर टाका, सगळीकडे फिरवा आणि साचा उलटा करून ठोकून ठोकून जवळजवळ सगळी काढून टाका. राहिलेला नजरेला न दिसणारा थर रेझिनला कडाकोपऱ्यांत ओढून नेतो. फुकटात होणारा एवढा गुणकारी उपाय या छंदात दुसरा नाही. पावडर खरोखर टाल्कचीच आहे ना ते डब्यावर वाचा, मक्याच्या पिठाची नको, ती ओलावा धरते. मग दोन-चार थेंब रेझिन तलवारीच्या तोंडाशी सोडून बारीक तारेने आत ढोसा, साचा बाहेरून चिमटीत धरून दाबा-सोडा, बुडबुडा वर आला की बाकीचं ओता.

एवढ्यानेही टोक येत नसेल तर साचा एका बाजूने तलवारीच्या टोकापर्यंत कापा. कापताना ब्लेड सरळ न नेता नागमोडी न्या, म्हणजे दोन बाजू परत बरोब्बर जागेवर बसतात. उघडा, तलवारीत ब्रशने रेझिन भरा, मिटा आणि दोन्ही बाजूंना प्लायवुडचे तुकडे लावून रबर बँड चढवा. तुकडे न लावता नुसते रबर आवळले तर साचा चेपतो आणि मावळा अरुंद निघतो.

आणि हो, तलवार ओतण्याआधी तिच्या चिरेत अर्ध्या मिलिमीटरची स्टीलची सरळ तार ठेवलीत तर ती भरतेही चांगली आणि मुलांच्या हातात टिकतेही. किल्ल्यावरच्या मावळ्यांचं आयुष्य शोकेसमधल्या पुतळ्यांसारखं नसतं.

सिलिकॉन ओतताना

पंपाशिवाय चांगला साचा होतो. अट एकच: घाई नको. मिसळलेल्या सिलिकॉनचा पहिला हात मऊ ब्रशने मास्टरवर द्या, चेहरा, बोटं, ढालीवरचे खिळे अशा ठिकाणी ब्रशच्या टोकाने ठिपके देत देत. मग उरलेलं सिलिकॉन फूटभर उंचीवरून दोऱ्याएवढ्या बारीक धारेने चौकटीच्या एका कोपऱ्यात सोडा. मास्टरच्या डोक्यावर ओतू नका. धार ताणली जाते तसे तिच्यातले बुडबुडे फुटतात आणि पातळी खालून वर सरकताना हवा पुढे ढकलत जाते. सिलिकॉन किती लागेल हे ठरवायला चौकटीत मास्टर ठेवून भोवती तांदूळ भरा आणि ते तांदूळ मापाच्या भांड्यात मोजा. मिलिलिटरचा आकडा मिळाला की त्याला सव्वाने गुणून ग्रॅम धरा, थोडं उरलेलं बरं.

पंप असेल तर मिसळायचं भांडं सिलिकॉनच्या चौपट-पाचपट उंच घ्या. निर्वातात ते फसफसून वर चढतं, मग एकदम खाली बसतं. बसल्यावर आणखी एक-दोन मिनिटं पंप चालू ठेवा. पुण्यातले बरेच जण इथे उगाच हवालदिल होतात: परदेशी सूचनांमध्ये निर्वाताचं माप २९ इंच पारा लिहिलेलं असतं आणि आपल्या गेजची सुई २८ च्या अलीकडेच थांबते. पंप बिघडलेला नाही. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, तिथे हवेचा दाबच सुमारे २८ इंच पाऱ्याइतका असतो, मग गेज त्याच्या पुढे जाईल कसं? मुंबईत तोच पंप जास्त आकडा दाखवेल. सिलिकॉन चढलं आणि बसलं, की काम झालं.

निर्वातासाठी जुन्या स्टीलच्या कुकरवर जाड अॅक्रिलिकचं झाकण बसवणारे आहेत, ते चालतं. पातळ पत्र्याचं भांडं मात्र आत चेपतं. पण उलटं, म्हणजे कुकरमध्ये कॉम्प्रेसरने हवा भरून प्रेशर पॉट करणं, हे अजिबात करू नका. स्वयंपाकाचा कुकर साधारण १५ पीएसआय (दाबाचं एकक) एवढ्या दाबासाठी बनवलेला असतो आणि रेझिन दाबायला ४० ते ६० पीएसआय लागतात. त्या दाबाची हवा भरलेलं भांडं फुटलं तर घरात कोणी सुरक्षित नाही. त्या कामासाठीच बनलेला पॉट घ्या, नाहीतर टाल्क आणि चिरेवर भागवा. आणि यातलं कुठलंही भांडं परत स्वयंपाकात नको.

पावसाळ्यात फुगणारं रेझिन

तळकोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये पॉलियुरेथेन रेझिन ओतणाऱ्याला हा अनुभव येतोच. ओतलं तेव्हा पातळ, स्वच्छ. मिनिटभराने गरम व्हायला लागलं आणि तोंडातून फेस वर आला. थंड झाल्यावर कास्ट कापला तर आत बारीक बारीक छिद्रांची जाळी.

यात अडकलेल्या हवेचा संबंध नाही. पॉलियुरेथेनच्या दोन बाटल्या मिसळायच्या असतात, त्यांतल्या एकीत आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याला पाणी मिळालं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. गादीचा फोम याच क्रियेने फुगवतात. तुमच्या मावळ्याला ते नको असतं, इतकाच फरक. पाण्याचा अंश पुरतो, थेंब लागत नाही. त्यामुळे इथे व्हॅक्यूम लावून उपयोग नाही, वायू घट्ट होता होता तयार होत असतो.

पाणी येतं कुठून ते शोधा. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या ओलावा धरतात, त्याऐवजी स्टीलचा चमचा किंवा प्लॅस्टिकची पट्टी घ्या. कागदी कप तसेच. साचा पाण्याने धुवून 'कोरडा' झाला असं वाटलं तरी नाजूक खाचांत थेंब राहतो. पावडरीचा डबा न्हाणीघरात ठेवलेला असतो. रंगासाठी पोस्टर कलर किंवा अॅक्रिलिक घातला असेल तर पाणी तुम्हीच ओतलंत, रेझिनचे तेलकट रंग किंवा कोरडी भुकटी वापरा. बाटली फ्रिजमधून काढून तशीच उघडली तर थंड काचेवर धरावं तसं आत दव धरतं, आधी बंद बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्या. आणि सगळ्यांत मोठं कारण, अर्धी वापरून झाकण सैल लावलेली बाटली. आयसोसायनेटच्या बाटलीत खडे किंवा वर साय दिसली तर ती वाचवायच्या फंदात पडू नका.

एक कारण सहसा कोणाला सुचत नाही. साच्याचं सिलिकॉन दोन जातींचं मिळतं, टिनच्या संयुगाने घट्ट होणारं आणि प्लॅटिनमच्या. त्यातलं टिनवालं सेट होताना अल्कोहोल सोडतं. आज साचा केला आणि आजच पॉलियुरेथेन ओतलं तर ते अल्कोहोल रेझिनच्या पृष्ठभागाशी खेळतं, कास्ट वरून मऊ किंवा चिकट राहतो. साचा निदान एक दिवस उघडा ठेवा. जमलं तर जुन्या ओटीजीमध्ये, ज्यात पुन्हा केक भाजायचा नाही अशा, ६० अंशांवर तासभर तापवा. पावसाळ्यात ओतण्याआधीही हेच करा, साचा कोरडा आणि कोमट दोन्ही होतो.

माझं मत विचाराल तर किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर मास्टर घडवावेत आणि टिन सिलिकॉनचे साचे करावेत. त्या सिलिकॉनला सेट व्हायला हवेतली ओल लागतेच, त्यामुळे ते दमट हवेत खूश असतं. ओतकाम ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधी. पावसातच ओतायचं असेल तर इपॉक्सी हे दुसऱ्या जातीचं रेझिन घ्या. ते हळू आहे, पण ओलाव्याने फुगत नाही.

ऑक्टोबरचं ऊन मात्र वेगळी खोड काढतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की ही रसायनं ढोबळमानाने दुप्पट वेगाने चालतात. २५ अंशांना तीन मिनिटं मिळत असतील तर दुपारी ३५ अंशांना दीड. तलवारीत तार ढोसता ढोसता पेल्यातलं घट्ट झालेलं असतं. सकाळी लवकर ओता आणि एका वेळी थोडंच मिसळा.

चिकट राहणारं सिलिकॉन

साचा बाहेरून पक्का, पण मास्टर काढला तर त्याच्या अंगाला मधासारखा चिकट थर. हे दिसलं की सिलिकॉन कुठल्या जातीचं आहे ते आधी बघा. टिनवालं असेल तर कॅटॅलिस्ट, म्हणजे घट्ट होण्याची क्रिया घडवणारं रसायन, नीट मिसळलं नाही किंवा जुनं झालं. प्लॅटिनमवालं असेल तर कशाने तरी त्याची क्रिया अडवली.

प्लॅटिनम सिलिकॉन आकसतं अगदी कमी, टिकतं जास्त, पण सोवळं फार. गंधक असलेली मॉडेलिंग क्ले चालत नाही. लॅटेक्सचे हातमोजे चालत नाहीत, नायट्राइलचे घाला. नुकतीच लावलेली इपॉक्सी पुट्टी, टिन सिलिकॉनचा अंश लागलेला ब्रश, आणि थ्रीडी प्रिंटरवर द्रव रेझिनपासून काढलेला मास्टर, सगळ्यांशी त्याचं वाकडं. प्रिंट नीट धुवून, यूव्हीखाली पूर्ण पक्का करून, वर लॅकरचा थर देऊनही कधी जमतं, कधी नाही. म्हणून आख्खा मास्टर बुडवण्याआधी त्याच्या तळाला किंवा त्याच मटेरियलच्या तुकड्यावर चमचाभर सिलिकॉन लावून रात्रभर ठेवा. सकाळी बोटाला चिकटलं तर बेत बदला. प्रिंटवरून साचा करायचा असेल तर मी सरळ टिन सिलिकॉन सुचवेन. ते आकसतं, पण ५४ मिलिमीटरच्या मावळ्यात अर्धा टक्का म्हणजे पाव मिलिमीटर. किल्ल्यावर कोण मोजणार?

शाडूचा मास्टर असेल तर आणखी एक गोष्ट. शाडू आणि प्लास्टर सच्छिद्र असतात, सिलिकॉन छिद्रांत शिरतं आणि सोडवताना माती घेऊनच येतं. शिवाय छिद्रांतली हवा बाहेर येऊन पुळ्या करते. लाखेच्या पॉलिशचे पातळ दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात वाळू द्या, मगच सिलिकॉन.

दोन भागांचा साचा करताना पहिल्या भागावर व्हॅसलिन अगदी पातळ चोळायला विसरू नका. सिलिकॉन जवळजवळ कशालाच चिकटत नाही, फक्त स्वतःला चिकटतं, आणि मग दोन भाग एक होतात. जाड लावलं तर ब्रशच्या रेघा कास्टवर उमटतात.

चिकट राहणारा कास्ट

हा विषय इपॉक्सीवाल्यांचा. कास्ट सगळीकडून मऊ असेल तर प्रमाण चुकलं. ठिकठिकाणी चिकट डाग असतील तर मिसळण कच्चं. फक्त वरची, हवेला उघडी बाजू मेणचट असेल तर तो दमट हवेत आलेला हार्डनरचा, म्हणजे रेझिन घट्ट करायला मिसळायच्या दुसऱ्या भागाचा, थर. तो कोमट साबणाच्या पाण्याने धुतला जातो, मग प्रायमर मारा.

प्रमाणाबद्दल दोन गैरसमज पक्के बसलेले आहेत. पहिला, वजन आणि आकारमान एकच. बाटलीवर २:१ लिहिलेलं असतं ते बहुतेकदा आकारमानाचं. रेझिन जड असतं, हार्डनर हलका. आकारमानाने २:१ म्हणजे वजनाने १०० ला साधारण ४३ ते ४५ होतं, आणि तुम्ही काट्यावर १०० ला ५० टाकता. वजनाचं प्रमाण बाटलीवर वेगळं छापलेलं असेल तर तेच पाळा, नसेल तर मापाच्या कपाने मोजा.

दुसरा गैरसमज गणपतीच्या कारखान्यातल्या फायबरच्या कामावरून आला असावा. तिथे पॉलिस्टर रेझिनमध्ये थेंबांनी कॅटॅलिस्ट टाकतात, जास्त टाकलं की लवकर घट्ट. टिन सिलिकॉनचंही थोडंफार तसंच, मात्र तिथे जास्त कॅटॅलिस्टने साचा ठिसूळ होतो. इपॉक्सीचा हार्डनर हा कॅटॅलिस्ट नव्हे. तो रेझिनबरोबर मोजून जोडला जातो. जास्त टाकला तर उरलेल्याला जोडीदार मिळत नाही आणि तो आत मऊपणा ठेवून जातो. लवकर हवं असेल तर ऊब द्या, हार्डनर नको.

मिसळताना पेल्याच्या कडा आणि तळ खरवडत किमान तीन मिनिटं सावकाश फिरवा. मग सगळं दुसऱ्या कोऱ्या पेल्यात ओतून पुन्हा फिरवा. पहिल्या पेल्याच्या भिंतीला चिकटलेलं कच्चं रेझिन खरवडून साच्यात घ्यायचा मोह होतो. ते कचऱ्यात जाऊ द्या. चिकट डाग त्यातूनच येतात. बारीक बुडबुडे फार दिसत असतील तर मिसळण्याआधी रेझिनची बाटली ४० अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. रेझिन पातळ होतं आणि हवा सोडतं, वेळ मात्र कमी मिळतो. नाशिक-पुण्याच्या डिसेंबरात बाटलीत पांढरे कण किंवा साखरेसारखा गोळा झालेला दिसला तर ते खराब झालेलं नाही, रेझिन थिजलंय. ५०-६० अंशांच्या पाण्यात ठेवून पूर्ण स्वच्छ होऊ द्या, मग वापरा.

प्रमाण चुकलेला कास्ट ऊन दाखवून पक्का होत नाही. सोडून द्या.

बाकीचं थोडक्यात

वाकलेली तलवार किंवा भाला: जवळजवळ उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट, सरळ करून थंड पाण्यात. कास्ट घासायचा तर ओल्या पॉलिश पेपरने, उडणारी भुकटी श्वासात नको. पॉलियुरेथेन ओतताना खिडकी उघडी असावी आणि सेंद्रिय वाफांसाठीचं काडतूस असलेला मास्क असावा, कापडी मास्क वाफ अडवत नाही. आयसोसायनेटची एकदा अॅलर्जी बसली की पुढे थोड्याशा वासानेही दमा उठतो, त्यामुळे दमेकऱ्यांनी इपॉक्सीकडे वळलेलं बरं, तेही हातमोजे घालूनच. लहान मुलांना रंगवायला बसवा, ओतायला नको.

मास्टर तुमचा स्वतःचा असू द्या. दुकानातून आणलेला पुतळा ओतून त्याच्या प्रती काढणं हे करणाऱ्या शिल्पकाराच्या पोटावर पाय देणं आहे, आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिल्पही येतं. शाडूचा मावळा घडवायला दोन संध्याकाळी जातात, आणि दहा आळ्यांतल्या दहा किल्ल्यांवर तुमचाच चेहरा उभा राहतो, ती मजा वेगळी.

साचा म्हातारा झाला हे कास्टच सांगतो. आधी डोळ्यांची रेघ पुसट होते, मग रेझिन साच्याला धरायला लागतं, मग खाचांमधले पातळ पडदे फाटतात. इपॉक्सी आणि पॉलियुरेथेन दोन्ही सिलिकॉनला हळूहळू खातात. लागोपाठ ओतत राहिलं तर उष्णतेने आणखी लवकर, मध्ये साचा पूर्ण गार होऊ द्या. फाटलेला साचा टाकून देऊ नका. कात्रीने त्याचे बोराएवढे तुकडे करा आणि पुढच्या साच्यात मास्टरपासून बोटभर अंतर सोडून बाहेरच्या बाजूला भरीला घाला. नवं सिलिकॉन त्यांना पक्कं धरतं आणि बरंच वाचतं. फक्त टिन सिलिकॉनचे तुकडे प्लॅटिनमच्या साच्यात टाकू नका, त्यांच्याभोवतीचं नवं सिलिकॉन कच्चंच राहील. दोन्ही जातींचे तुकडे वेगळ्या डब्यांत ठेवा आणि डब्यांवर नाव लिहा.